‘वयस्क’, ‘प्रौढ’ की ‘सज्ञान’? आणि रिमेकला आपण काय म्हणतो?

आमच्या गावच्या (तालुका वेंगुर्ले) वाचनालयाला एका चाकरमान्याच्या घरून दोन पेट्या भरून सिनेमाच्या सीडी-डीव्हीडी मिळाल्या. नोंदवही मी लिहिते. पुस्तकांचे रकाने ठरलेले असतात, इथे मात्र शब्दांवरच अडले.

सहावीतली एक मुलगी शनिवारी चिठ्ठ्या चिकटवायला येते. तबकडी चालते का ते पाहायला आम्ही एक लावली. आधी सेन्सॉरचे प्रमाणपत्र आले, त्यावर ‘अव / UA’ लिहिलेले. ‘अव’ म्हणजे काय, असे तिने विचारले. हिंदीत ‘अ’ म्हणजे अनिर्बंधित आणि ‘व’ म्हणजे वयस्क, असे मी सांगितले. ती लगेच म्हणाली, “वयस्क म्हणजे आजोबांसारखे ना?” तिचे मराठी अगदी बरोबर आहे. ‘एक वयस्क गृहस्थ भेटले’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अठरा वर्षांचा मुलगा येत नाही.

दुसरा घोळ त्याहून मोठा. लहान मुलांच्या एका सिनेमावर ‘अ / U’ होते. तिने ‘अ’ म्हणजे ‘ए’ असे धरून ती तबकडी कुलपाच्या कपाटात टाकली. आपल्यातले बरेच जण बोलताना ‘ए सर्टिफिकेट’ म्हणतात आणि लिहिताना ‘अ’ लिहितात, त्यामुळे तिला दोष कसा देऊ? सर्वांसाठी खुला असलेला सिनेमा एका अक्षरामुळे कुलपात जातो, ही मला गंभीर गोष्ट वाटते.

तर विचारायचे हे: १) ‘ए’साठी मराठीत काय लिहावे? २) रिमेकला चांगला शब्द कोणता? ‘पुनर्निर्मिती’ मला जड वाटतो. ३) जुनाच सिनेमा नव्या डीव्हीडीवर येतो, त्याला काय म्हणावे?

रत्नागिरीहून

मी दस्त लिहितो, म्हणून पहिल्या प्रश्नाचे सांगतो. जाहिरातींत ‘फक्त प्रौढांसाठी’ वर्षानुवर्षे छापले जाते, पण प्रौढ म्हणजे आपल्याकडे चाळिशीचा माणूस. प्रौढ साक्षरता वर्गात कोण बसायचे ते आठवा.

कायद्याच्या मराठीत नेमका शब्द आहे : सज्ञान. अठरा वर्षे पूर्ण झाली की सज्ञान, त्याआधी अज्ञान. कोकणात सातबारा वाचलेल्या प्रत्येकाने ‘अ.पा.क.’ पाहिलेले असते. त्याचा अर्थ अज्ञान पालनकर्ता. बाप गेला, मुले लहान, म्हणून त्यांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ अशी नोंद होते. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यातही अठरा पूर्ण झालेल्यालाच मोठा मानले आहे. वय तेच आहे, तर शब्दही तोच वापरावा. ‘फक्त सज्ञानांसाठी’ लिहा. कानाला नवे वाटेल, पण कोणी आजोबा समजणार नाही.

मालवणहून

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. कुठेतरी ‘होम व्हिडिओ’चे ‘घरगुती व्हिडिओ’ असे भाषांतर वाचले होते. ते कृपा करून नको, त्याने बारशाची चित्रफीत डोळ्यांपुढे येते. आमच्या लहानपणी गणपतीत वर्गणी काढून ‘व्हिडिओ आणायचे’. तेव्हा व्हिडिओ म्हणजे टीव्ही, व्हीसीआर, चार कॅसेटी आणि ते सगळे डोक्यावरून घेऊन येणारा माणूस. अंगणात रात्रभर पिक्चर चालायचे.

मला वाटते नामे शोधण्यापेक्षा क्रियापदे बघा, आपले काम त्यांनी आधीच केले आहे. पिक्चर परत *काढला* म्हणजे रिमेक. परत *लागला* म्हणजे जुनाच पुन्हा थिएटरात आला. सीडी परत *निघाली* म्हणजे बाजारात नव्याने आली. ‘तो पिक्चर परत लागलाय’ असे ऐकून कोणी नवे नट कोण म्हणून विचारत नाही.

एक बाजूची गोष्ट. दशावतारात तेच आख्यान दर जत्रेला होते, पण त्याला ‘परत’ हा शब्दच लागत नाही. संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतो. आज राजा कोण करतोय, एवढेच लोक विचारतात. नक्कल म्हणायला आधी एक पक्की प्रत असावी लागते. ती सिनेमाला असते.

दापोलीहून

‘परत काढला’ छान आहे, पण सगळीकडे बसत नाही. आमच्या तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी. ‘श्यामची आई’ १९५३ मध्ये अत्र्यांनी काढला आणि २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी. दुसरा हा पहिल्याचा रिमेक का? माझ्या मते नाही. दोघांनीही पुस्तकच समोर ठेवले. उलट ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) ‘बीवी और मकान’ (१९६६) वरून घेतलेला आहे, तिथे रिमेक म्हणणे योग्य. प्रभातचे ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ (१९३७) तर एकाच वेळी दोन भाषांत काढलेले. त्यांतला कुठला कुणाचा रिमेक?

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल बसून रकाने आखले.

रिमेकचा रकानाच काढून टाकला. त्या जागी ‘कशावरून’ लिहिले. ‘बनवाबनवी’पुढे ‘बीवी और मकान’, दोन्ही ‘श्यामची आई’पुढे साने गुरुजींचे पुस्तक, ‘कुंकू’पुढे ना. ह. आपट्यांची ‘न पटणारी गोष्ट’. दापोलीकरांची शंका त्यात सुटते.

नव्या डीव्हीडीसाठी पुस्तकांचीच भाषा घेतली. आपण ‘पुनर्मुद्रण’ आणि ‘आवृत्ती’ यांत फरक करतोच. आमच्याकडे एकाच सिनेमाची जुनी व्हीसीडी आहे, दोन तबकड्यांची. पहिली संपते तेव्हा गाणे मध्येच तुटते आणि दुसरीवर अंतऱ्यापासून सुरू होते. त्याचीच डीव्हीडी एका तबकडीवर अखंड आहे. दोन्हींची मिनिटे जुळली, म्हणून ते पुनर्मुद्रण. आणखी एका सिनेमाच्या दोन तबकड्यांवर मात्र एकीवर ‘ए’ आणि दुसरीवर ‘यूए’ होते. ‘ए’ असलेला सिनेमा टीव्हीवर दाखवता येत नाही, म्हणून निर्माते काटछाट करून नवे प्रमाणपत्र घेतात. तिथे मिनिटे कमी भरली. ती वेगळी आवृत्ती धरली आणि कपाटेही वेगळी केली.

वयाच्या रकान्यात ‘सर्वांसाठी’, ‘पालकांनी ठरवावे’ आणि ‘फक्त सज्ञानांसाठी’ असे लिहिते आहे. सोबत प्रमाणपत्राचे वर्षही, ते अगदी हवेच. यूए आले १९८३ मध्ये. त्याआधीच्या प्रमाणपत्रांवर यू किंवा ए एवढेच. नंतरचे यूए म्हणजे बाराच्या आतल्या मुलांसाठी पालकांनी लक्ष द्यावे. २०२३ च्या दुरुस्तीने त्याच यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. नुसते ‘यूए’ लिहिले तर जुन्या तबकडीवरचे आणि आजचे यूए एकच वाटेल. हे वय बघायचे काम कायद्याने पालकांवरच सोपवले आहे, थिएटरच्या दारावरच्या माणसावर नाही, म्हणून ‘पालकांनी ठरवावे’.

आमच्या मुलीने नव्या चिठ्ठ्या स्वतःच्या अक्षरात लिहिल्या. कुलपातली ती ‘अ’ची तबकडी तिनेच बाहेर काढून खालच्या फळीवर ठेवली, पहिलीच्या मुलांचा हात पोचेल अशी. एकच विचारायचे राहिले : ‘सज्ञानांसाठी’ लिहू की ‘सज्ञान व्यक्तींसाठी’? चिठ्ठी दोन बोटे रुंद आहे.