मदत हवी आहे: लिस्बनमध्ये शाकाहारी जेवण आणि आईला झेपेल असा रस्ता

ऑक्टोबरमध्ये शनिवार ते मंगळवार आईला घेऊन लिस्बनला जातोय. मुक्काम रोसियू चौकाजवळ. आई पक्की शाकाहारी, अंडं चालतं. सपाटीवर भरपूर चालते, पण पायऱ्या उतरताना गुडघे दुखतात.

सोमवारी बेलें भागातला जेरोनिमुश मठ बंद, म्हणून बेलें रविवारी ठेवलंय. तिथल्या १८३७ पासूनच्या दुकानातला गरमागरम पास्तेल (अंड्याच्या कस्टर्डचा छोटा टार्ट), वर दालचिनी भुरभुरवून, आईला खाऊ घालायचाच आहे! २८ नंबरच्या ट्राममध्ये गर्दीत उभं राहावं लागतं, म्हणून ती नको. त्याऐवजी खालच्या बायशा भागातून टेकडीवरच्या किल्ल्याच्या दिशेने वर नेणाऱ्या दोन फुकट लिफ्ट घेऊ.

अडलंय ते जेवणाचं. 'काल्दु वेर्द' हे हिरव्या पाल्याचं सूप, पण त्यात सॉसेजचे काप असतात. ते काढून देतो म्हटलं तरी आईला चालणार नाही. मार्तीं मोनीश भागात भारतीय हॉटेलं आहेत, पण तिथवर जाऊन रोज डाळ-भातच कशाला?

बायशा किंवा किल्ल्याखालच्या आल्फामा भागात मांस-मासळीचा अंशही नसलेलं पोर्तुगीज सूप किंवा भाजी कुणी स्वतः खाल्ली आहे का, कुठे? आणि दुसऱ्या लिफ्टमधून बाहेर पडल्यावर पोर्ताश दु सोल या व्ह्यूपॉइंटपर्यंत चढ किती आहे, पायऱ्या लागतात का?