२०१९ ला सही करून दिलेल्या गाण्याची रॉयल्टी आता मिळते का?

परळकर_७४
नमस्कार मंडळी. मी दिवसा बेस्टमध्ये नोकरीला आणि रात्री कवी. २०१९ साली गणपतीचं एक गाणं लिहिलं, चाल माझ्या पेटीवाल्या मित्राची. एका कंपनीने दोघांना मिळून एकरकमी सात हजार दिले आणि पाच पानी इंग्रजी कागदावर सह्या घेतल्या. "सर्व हक्क कायमचे कंपनीकडे" असं त्यात आहे म्हणे. गाणं बरं चाललं. गेल्या वर्षी दादरला तिकीट काढून एक ऑर्केस्ट्रा बघायला गेलो, तिथे ते झालं. निवेदकाने गायकाचं नाव घेतलं, कंपनीचं घेतलं, माझं नाही. शेजारी बसलेल्या बायकोने नुसतं माझ्याकडे बघितलं. कुणी म्हणतं आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचा, सभासद हो. पण सही करून बसलेल्या माणसाला काही मिळतं का?

चाळकरी
सही केलीस ना? मग विसर. कागद म्हणजे कागद.

अण्णा_गिरगाव
चाळकऱ्याचं ऐकू नकोस. मी ९४ पासून कॅसेटवाल्यांसाठी लिहितोय, गाण्याला तीनशे रुपये, त्यामुळे असले कागद मला पाठ आहेत.

२१ जून २०१२ पासून कॉपीराइटचा कायदा बदललाय. जावेद अख्तर राज्यसभेत होते, त्यांनी हा विषय लावून धरला होता. कलम १८ म्हणतं की गाणं सिनेमात किंवा रेकॉर्डमध्ये गेलं तरी कंपनीच्या बरोबरीने रॉयल्टी घेण्याचा गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांना लिहूनही देता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. द्यायचाच तर वारसांना, नाहीतर वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला. सिनेमासोबत थिएटरात वाजलं तर मात्र काही नाही. तुझी सही २०१९ ची, म्हणजे कॉपीराइट गेला असेल, रॉयल्टी तुझीच. माझ्या जुन्या गाण्यांचं त्रांगडं वेगळं, त्याला वकील लागतो.

आयपीआरएस १९६९ पासून आहे. हॉटेलं, टीव्ही, रेडिओ, कार्यक्रमांचे आयोजक, यूट्यूब, सगळ्यांना परवाने देऊन पैसे गोळा करते आणि वाटते. वाटणी साधारण अशी: निम्मे प्रकाशकाला म्हणजे तुझ्या कंपनीला, पाव तुला, पाव पेटीवाल्याला. एफएमवाले खळखळ करत होते, पण २०२३ च्या एप्रिलमध्ये मुंबई हायकोर्टाने त्यांनाही द्यायला लावले.

आता खरी गोम सांगतो. नुसतं सभासद होऊन भागत नाही, प्रत्येक गाणं नोंदवावं लागतं. मी २०१८ ला सभासद झालो, दोन वर्षं दमडी आली नाही म्हणून सगळ्यांना शिव्या घालत फिरलो. शेवटी मुलीने पोर्टल उघडलं, तर माझ्या नावावर एकही गाणं नाही! एका गाण्यापुढे तर कंपनीने गीतकार "पारंपरिक" असं टाकलेलं. देवाचं गाणं की झालं पारंपरिक. तसा साठी उलटल्यावर मीही पारंपरिकच म्हणा. तिने रोज रात्री बसून ४१ गाणी भरली. मराठी नावाची रोमन स्पेलिंगं लोक चार प्रकारे करतात, तीही टाकली. पहिली जमा झाली ६४० रुपये. बँकेचा मेसेज मी दोनदा वाचला.

परळकर_७४
अण्णा, धन्यवाद. पण माझं गाणं सगळ्यात जास्त वाजतं ते मिरवणुकीत, बेंजोवर. त्याचे मिळतील?

अण्णा_गिरगाव
त्याची आशा धरू नकोस. धार्मिक विधी आणि लग्नाची वरात यांना कलम ५२ मध्ये सूट आहे. बाप्पासमोर फुकट वाजलं तर वाजू दे रे. तिकिटाचा ऑर्केस्ट्रा, गरबा, कंपन्यांच्या पार्ट्या, तिकडे बघ.

माइक_टेस्टिंग
मी आयोजकाच्या बाजूचा, मारू नका. लाइव्ह ऑर्केस्ट्रा असेल तर आम्ही शब्द आणि चालीसाठी आयपीआरएसचा परवाना घेतो. डीजेने रेकॉर्ड वाजवली तर त्या रेकॉर्डिंगचा परवाना वेगळा, तो पीपीएलसारख्या, रेकॉर्ड कंपन्यांच्या वतीने परवाने देणाऱ्या संस्थांकडून. लाइव्हनंतर कोणती गाणी झाली त्याची यादी द्यायची असते, आणि खरं सांगू, ती बऱ्याचदा घाईत कुणीतरी आठवून लिहितं. ऑर्केस्ट्रावाल्याला आधीच गाठा, यादीत तुमचं गाणं आणि दोघांची नावं नीट लिहून घ्या. दादरच्या त्या कार्यक्रमाचं काय झालं असेल देव जाणे.

अण्णा_गिरगाव
हे बरोबर बोलला. आणि परळकर, पुढचं गाणं कुणाला द्यायच्या आत सभासद हो. सोसायटीला आधी दिलेल्या हक्कांविरुद्ध नंतर कुठे सही केलीस तर ती कायद्याने रद्द ठरते. कंपनीवाला तोंड वाकडं करेल, करू दे.

परळकर_७४
आत्ताच पेटीवाल्याला फोन लावला. त्याच्या पॅन कार्डावर आडनाव एक आणि बँकेत दुसरंच आहे. रविवारी तो माझ्याकडे येतोय, आधी ते निस्तरतो. बायको विचारतेय, पाव म्हणजे नक्की किती.