वॅट दुप्पट, आवाज दुप्पट नव्हे
५० वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरऐवजी १०० वॅटचा घेतल्यास आवाज दुप्पट होईल आणि तबल्याचा डग्गा भरदार वाजेल, हे मत मला पटत नाही. शक्ती दुप्पट केली की ध्वनीची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते; कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. तेवढेच ३ डेसिबल ८७ऐवजी ९० डेसिबल संवेदनशीलतेचे, म्हणजे तेवढ्याच शक्तीवर अधिक मोठा आवाज देणारे, स्पीकर घेऊनही मिळतात, आणि हा आकडा माहितीपत्रकात छापलेला असूनही खरेदीच्या वेळी तो फारसा कोणी पाहत नाही, याचे वाईट वाटते.

डग्ग्याचा प्रश्न बहुधा खोलीचा असावा. नाशिकमधल्या आमच्या गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि काचेची मोठी सरकती दारे आहेत. तिथे जाड सतरंजी अंथरल्यावर झांजांचा कर्कशपणा कमी झाला, पण खर्ज घुमतच राहिला, कारण इतक्या लांब ध्वनिलहरी सतरंजीने शोषल्या जात नाहीत. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दोन हात पुढे आणले, तेव्हा कुठे डग्ग्यावरची घसीट, म्हणजे मनगट सरकवून काढलेला नाद, स्वच्छ ऐकू आली. अ‍ॅम्प्लिफायर तोच जुना होता.