उंची वाढवलेल्या जिप्सीची सत्तरच्या पुढची थरथर : कामाचा क्रम आणि कोल्हापुरातील जागा सुचवाव्यात

पंचगंगाकाठ

नमस्कार. माझ्याकडे जुनी मारुती जिप्सी आहे. एरवी शहरात आणि पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरी या बाजूच्या कच्च्या वाटांवर तिचा वापर होतो. गेल्या हिवाळ्यात गाडीला उंची दिली. चारही बाजूंच्या स्प्रिंगमध्ये एकेक जाड पाटा वाढवला, मागच्या शॅकल (पाट्यांचे टोक चेसिसला टांगणाऱ्या पट्ट्या) मूळच्यापेक्षा दोन इंच लांब बसवल्या आणि टायर २३५/७५ आर १५ मापाचे घातले. तेव्हापासून ताशी ६५ ते ७० च्या दरम्यान फ्लोअरमधून आणि गिअरच्या दांड्यातून एक बारीक थरथर सुरू होते, ती ८० ला सर्वांत जास्त असते आणि अॅक्सिलरेटरवर पाय असताना अधिक जाणवते. पाय काढला की कमी होते, पण पूर्ण जात नाही. याशिवाय चढावर गाडी उभी करून पुन्हा सोडताना मागच्या बाजूला दोन-तीन हादरे बसतात.

चाकांचे बॅलन्सिंग झाले, मागच्या प्रोपेलर शाफ्टचे दोन्ही क्रॉस (टोकांच्या वळत्या सांध्यांतले भाग) नवे घातले, तरी फरक पडलेला नाही. एका वर्कशॉपने ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) पॅकिंग देऊन खाली घ्यायला सांगितले आहे, दुसऱ्याने दुहेरी जॉइंटचा नवा शाफ्ट बनवून घ्या म्हटले आहे, आणि तिसऱ्या ठिकाणी ‘उंच केलेली गाडी एवढी थरथरणारच’ असे उत्तर मिळाले. खर्चाला नाही म्हणत नाही, पण अंदाजाने एकेक भाग बदलत बसायचे नाही. नेमके कोणत्या क्रमाने जावे आणि कोल्हापुरात कोणाकडे जावे, हे जाणकारांनी सांगावे.

उद्यमनगरी

तुम्ही दिलेल्या वर्णनात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. थरथर अॅक्सिलरेटरनुसार बदलते आणि गाडी सुटताना हादरा बसतो. निव्वळ बॅलन्स गेलेला शाफ्ट किंवा टायर असता, तर वेग तोच ठेवून पाय दाबला काय आणि काढला काय, फारसा फरक पडला नसता. त्यामुळे माझा संशय पिनियनच्या, म्हणजे शाफ्टकडून ताकद घेणाऱ्या मागच्या अॅक्सलच्या गिअरच्या, कोनावर आहे. ट्रान्सफर केसला हात लावण्याची घाई मुळीच करू नये.

कारण थोडक्यात सांगतो. क्रॉस कोनात फिरत असेल, तर आत येणारा वेग अगदी एकसारखा असला तरी बाहेर जाणारा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. १० अंशांच्या कोनाला हा चढउतार वर-खाली दीड टक्का असतो, २० अंशांना तो सहा टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे कोन दुप्पट झाला की दोष चौपट होतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस तितक्याच कोनात आणि योग्य दिशेने बसलेला असेल, तर तो हा चढउतार परत फेडतो आणि पिनियनला एकसारखा वेग मिळतो. कंपनीने मूळ गाडीत हा हिशेब जुळवून दिलेला असतो. शॅकल लांब केल्या की तोच मोडतो, कारण पाट्याचे मागचे टोक खाली जाते, अॅक्सल पाट्यासह कलते आणि पिनियनचे नाक वर उठते.

कोन मोजण्याआधी गाडीखाली झोपून एक गोष्ट पाहावी, तिला पैसे लागत नाहीत. शाफ्टवर जो स्प्लाइनचा (खाचा-दात्यांचा) सांधा सरकतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या योकचे, म्हणजे क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्यांचे, कान एकाच पातळीत आहेत का? क्रॉस बदलताना मिस्त्री शाफ्ट दोन तुकड्यांत काढतात आणि खूण न करता परत जोडतात. एक-दोन दात जरी चुकून बसले, तरी दोन्ही क्रॉस एकमेकांचा दोष पूर्ण फेडत नाहीत, आणि मग नवे क्रॉस घालूनही काही उपयोग होत नाही. काही शाफ्टवर बाणाच्या खुणा असतात. त्या चिखलाखाली झाकलेल्या असल्या तर तारेच्या ब्रशने घासून पाहाव्यात.

चाकोरीबाहेर

वरच्या सल्ल्याला जोडून दोन शब्द. बॅलन्सिंग झाल्यानंतर गाडी पुन्हा चिखलात गेली होती का? गगनबावड्याकडची तांबडी माती रिमच्या आतल्या बाजूला बसून वाळली की विटेसारखी कडक होते आणि साध्या धुण्याने निघत नाही. शाफ्टच्या नळीवरही ती एका बाजूला चिकटून राहते. दोन्ही खरवडून काढल्याशिवाय पुढची कोणतीही चाचणी विश्वासार्ह धरू नये.

दुसरे, थरथर कुठून येते हे हाताच्या अंदाजाने ठरवण्यापेक्षा मोजता येते. तुमच्या टायरचा व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर भरतो, म्हणजे एका फेऱ्यात गाडी २.३ मीटर जाते. ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण साडेनऊ फेरे घेते. डिफरन्शियलचा रेशो समजा ४ धरला (तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा), तर शाफ्ट सेकंदाला ३८-३९ फेरे घेतो. आता मोबाइलवरच्या कंपन मोजणाऱ्या अॅपमध्ये साडेनऊच्या आसपास टोक दिसले तर टायर किंवा रिम, ३८ च्या आसपास दिसले तर शाफ्टचा बॅलन्स किंवा वाकलेली नळी, आणि ७७ च्या आसपास दिसले तर क्रॉसचे कोन, असा सरळ हिशेब लागतो. कोनाचा दोष एका फेऱ्यात दोनदा धक्का देतो, म्हणून दुप्पट. मात्र अॅप सेकंदाला किमान २०० नोंदी घेणारे हवे, नाहीतर ७७ चे कंपन त्यात खरे उमटतच नाही आणि भलताच आकडा दिसतो. फोन सीटवर न ठेवता फ्लोअरच्या पत्र्यावर घट्ट चिकटवावा आणि आकडे शेजारी बसलेल्याने पाहावेत.

पुढच्या चाकांचे हब (चाक अॅक्सलला जोडणारे-सोडणारे लॉक) मोकळे आहेत ना, हेही पाहून घ्या. ते लॉक राहिले असतील, तर टू-व्हील ड्राइव्हमध्येही पुढचा शाफ्ट उगाच फिरत राहतो.

फोंडाघाट

एवढ्या आकडेमोडीची गरज नाही असे माझे मत आहे. माझ्या जुन्या महिंद्रा जीपला पाऊण इंचाचे पॅकिंग देऊन ट्रान्सफर केस खाली घेतली आणि आवाज गेला. शाफ्टचा उतार कमी झाला की प्रश्न सुटतो.

उद्यमनगरी

तुमच्या जीपला तो उपाय लागू पडला असेल, कारण तिथे ट्रान्सफर केस गिअरबॉक्सलाच जोडलेली असते आणि दोन्ही एकत्र कलतात. जिप्सीची रचना वेगळी आहे. तिची ट्रान्सफर केस चेसिसवर स्वतंत्र बसते आणि गिअरबॉक्सपासून तिथपर्यंत एक आखूड शाफ्ट येतो. केस खाली घेतली की मागच्या लांब शाफ्टचा कोन थोडा सुधारतो, पण हा आखूड शाफ्ट लांबीने कमी असल्यामुळे तितक्याच इंचात कितीतरी जास्त कलतो. शिवाय ट्रान्सफर केसमध्ये हाय रेंजलाही वेग काहीसा उतरतो, म्हणजे तो आखूड शाफ्ट मागच्यापेक्षा जोरात फिरत असतो. एका ठिकाणची थरथर काढून दुसरीकडे नेण्याचा हा प्रकार होईल. वर पोटाखालची जागा कमी होते ती वेगळीच, आणि उंची तर त्यासाठीच वाढवली होती.

मूळ धागाकर्त्यांनी आता कोन मोजावेत. गाडी सपाट जागी, चारही चाकांवर उभी हवी. जॅकवर घेतली की अॅक्सल लोंबतो आणि सगळे आकडे खोटे येतात. लोहचुंबक असलेला डिजिटल अँगल गेज हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. ट्रान्सफर केसच्या फ्लँजचा (शाफ्ट बोल्टने जोडला जातो त्या चकतीचा) कल, शाफ्टच्या नळीचा कल आणि पिनियनच्या फ्लँजचा कल अशी तीन मापे इथे द्यावीत. पिनियनचे तोंड वर आहे की खाली, हे न विसरता लिहावे.

पंचगंगाकाठ

सर्वांचे आभार. रिम आतून घासून घेतले, मागच्या उजव्या रिममधून बरीच माती निघाली. हब मोकळे आहेत. योकचे कान पाहिले, ते जुळलेले आहेत. अॅपमध्ये साडेनऊचे टोक जवळजवळ नाही, ७६-७७ ला मात्र ठळक दिसते.

मापे अशी आली : ट्रान्सफर केसचा फ्लँज मागे उतरता ३ अंश, शाफ्टची नळी मागे उतरती १५ अंश, पिनियनची रेषा ६ अंश, आणि नाक वर. शॅकल अॅक्सलच्या मागच्या बाजूला आहेत.

उद्यमनगरी

मग दोष उघड आहे. पुढच्या क्रॉसचा प्रत्यक्ष कोन १५ वजा ३, म्हणजे १२ अंश. मागच्या क्रॉसचा १५ वजा ६, म्हणजे ९ अंश. दोन्ही कोनांच्या वर्गांतील फरकाचे वर्गमूळ काढले की न फेडलेला कोन मिळतो. इथे १४४ वजा ८१, म्हणजे ६३, आणि त्याचे वर्गमूळ जवळजवळ ८. हा आकडा ३ च्या आत असावा असा संकेत आहे. पाय दाबल्यावर पाटे पिळतात, पिनियनचे नाक आणखी वर जाते आणि हा आकडा आणखी वाढतो. म्हणून अॅक्सिलरेटरवर थरथर जास्त आणि गाडी सुटताना हादरा.

उपाय पाचरीचा आहे. पाटा आणि अॅक्सलची बैठक यांच्यामध्ये ४ अंशांची पोलादी पाचर बसवावी. तीन अंश कोन जुळवण्यासाठी आणि एक अंश पाटे पिळण्याच्या हिशेबाने. दिशा चुकू नये म्हणून स्पष्ट लिहितो : जिप्सीत पाटे अॅक्सलच्या खालून जातात, त्यामुळे पाचरीची जाड बाजू मागे आली पाहिजे, म्हणजे बैठकीची मागची कड उचलली जाऊन पिनियनचे नाक खाली येते. ज्या गाड्यांत पाटे अॅक्सलच्या वर चढवले आहेत, तिथे हेच उलटे होते. अॅल्युमिनियमच्या पाचरी घेऊ नयेत, त्या ठेचून फुटतात. पाचर आली की पाट्यांचा सेंटर बोल्ट तितका लांब हवा. त्याचे डोके बैठकीच्या भोकात पूर्ण बसले नाही, तर अॅक्सल सरकू शकतो. यू-क्लॅम्प नवेच घालावेत. उद्यमनगरात कोणत्याही चांगल्या लेथवर कोन सांगून पाचरी करून मिळतात. फक्त दोन्ही बाजूंच्या एकाच तुकड्यातून कापून घ्या आणि गेजने आपल्यासमोर तपासून घ्या.

पुढच्या अॅक्सलला मात्र याची नक्कल करू नका. तिथे अॅक्सल कलवला की कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा मागे झुकाव) बदलतो आणि स्टिअरिंग सरळ परत येत नाही. पुढचा शाफ्ट तुम्ही हळू वेगातच वापरता, त्याला आहे तसा राहू द्या.

चाकोरीबाहेर

दुहेरी जॉइंटच्या शाफ्टबद्दल विचारले होते, त्याचे उत्तर राहिले. ट्रान्सफर केसच्या बाजूला दुहेरी जॉइंट (दोन क्रॉस जवळजवळ जोडलेला सांधा) आला की तिथला दोष तो स्वतःच फेडतो, पण मग पिनियनने थेट शाफ्टच्या रेषेत पाहायला हवे, म्हणजे तुमच्या बाबतीत नाक आणखी आठ-नऊ अंश वर. पाचरीने एवढे करू नये; अॅक्सलवरच्या बैठका कापून नव्याने वेल्ड कराव्या लागतात, आणि नाक इतके वर गेले की पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला तेल पोचते का, हेही पाहावे लागते. पाच-सहा इंच उंच केलेल्या गाडीला तो मार्ग योग्य आहे. तुमच्या गाडीला तो खर्च अनाठायी होईल.

सांगावफाटा

विषयाला लागून एक सूचना. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेतील बदलांवर मर्यादा आहेत, आणि अपघातानंतर विमा कंपनी हा मुद्दा काढू शकते. कोणती कामे करून घेतली, त्याच्या पावत्या तरी जपून ठेवाव्यात.

पंचगंगाकाठ

पाचरी बसवल्या. पिनियनची रेषा आता २ अंशांवर आहे. चढावर सुटतानाचा हादरा गेला. कागलच्या दिशेने महामार्गावर नेऊन पाहिली. ८० ला दांडा आता थरथरत नाही, पण ८५ च्या पुढे फ्लोअरमध्ये बारीक घूं असा आवाज राहतो, पाय दाबला किंवा काढला तरी तेवढाच. शाफ्ट बॅलन्सला द्यावा का?

उद्यमनगरी

द्यायला हरकत नाही; शिरोली नाक्याच्या बाजूला ट्रकची कामे करणाऱ्यांकडे चौकशी करा आणि शाफ्ट फ्लँजसकट द्या, सुटी नळी देऊ नका. काढण्यापूर्वी फ्लँजच्या जोडीवर पंचाने खूण करा. पण बॅलन्सनेही आवाज पूर्ण जाईल असे मी सांगणार नाही. दोन्ही टोकांचे कोन जुळले, तरी ते बारा-तेरा अंशांचे आहेत, आणि मधला शाफ्ट स्वतः प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग बदलतोच. ते कोणी फेडत नाही. शाफ्ट मिनिटाला २५०० फेरे फिरत असताना कोन सुमारे ७ अंशांच्या आत असावा असे मानतात, आणि ८५ च्या पुढे तुम्ही त्याच घरात आहात.

माझे मत विचाराल, तर शॅकल मूळ लांबीच्या परत बसवा. दोन इंच लांब शॅकलने गाडी उचलली जाते एकच इंच, आणि तेवढ्यासाठी पिनियनचा कोन बिघडतो. उरलेली उंची वाढवलेल्या पाट्यांची आहे, ती राहील. शॅकल बदलल्या की या पाचरी काढून टाकाव्या लागतील, आणि कोन पुन्हा मोजल्याशिवाय नव्या घालू नयेत. शॅकल आत्ता बदला वा नंतर, यू-क्लॅम्प पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने पुन्हा ओढून घ्या. नवे पाटे आणि पाचर बसली की ते ढिले पडतातच.

पंचगंगाकाठ

शॅकल परत बसवण्याचे ठरवले आहे. जुन्या जपून ठेवल्या होत्या. बुश मात्र नवे घेतो, आणि मापे आली की इथेच टाकतो.