कार्डाचे ४६ हजार हलेनात, काय करू?

टॉवेल_हिशेबनीस: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात अकाउंट्सला आहे, पगार २८ हजार. बहिणीच्या लग्नात क्रेडिट कार्ड घासलं. आठ महिने न चुकता मिनिमम, म्हणजे बिलावरची किमान रक्कम भरतोय, साधारण २३००, तरी बाकी ४६ हजारांवरून हलत नाही. महिन्याला फार तर ६ हजार काढू शकतो. नवीन कर्ज नको आणि घरात कळायला नको. काय करावं?

हुतात्मा_पासवाला: मिनिमम कशाला, पूर्ण भरायचं. सहा वर्षं कार्ड वापरतोय, व्याजाचा एक रुपया दिला नाही. उलट गेल्या महिन्यात पुणे विमानतळाच्या लाउंजमध्ये कार्ड दाखवून दोन रुपयांत पोटभर जेवलो.

शेंगाचटणी: पूर्ण भरायला असते तर त्यानं धागा काढला असता का बे? आणि त्या दोन रुपयांच्या जेवणासाठी विमानाचं तिकीट कितीचं काढलंस?

जुळे_सोलापूरकर: पर्सनल लोन काढून मोकळा हो. माझ्या मेव्हण्यानं तेच केलं.

टॉवेल_हिशेबनीस: कर्ज नको म्हणून वरच लिहिलंय दादा.

विजापूर_रोड: माझ्यासारखं करू नकोस एवढंच सांगतो. एका कार्डाचं बिल भरायला दुसऱ्या कार्डावर एटीएममधून १५ हजार काढले. काढतानाच अडीच टक्के गेले, वर व्याज त्याच दिवसापासून सुरू. कार्डावर रोख काढली की बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, हे स्टेटमेंट आल्यावर कळलं. दोन वर्षं निस्तरत होतो.

निवृत्त_कॅशियर: स्टेटमेंटवर व्याजदर बघा, बहुतेक ३.५ टक्के असेल. तो महिन्याचा असतो, वर्षाचा नाही. ४६ हजारांवर १६१० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी २९०, म्हणजे १९०० गेले. तुमच्या २३०० मधून मुद्दल फिटलं ४०० रुपये. आता खरं सांगा, कार्ड अजून वापरता का?

टॉवेल_हिशेबनीस: पेट्रोल तेवढं टाकतो काका. कार्डानं पेट्रोल टाकलं की लागणारा जादा आकार, सरचार्ज, माफ आहे म्हणून.

निवृत्त_कॅशियर: तिथंच पाणी मुरतंय. मागची बाकी पूर्ण भरलेली नसली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत नाही. आज टाकलेल्या पेट्रोलवर आजपासून व्याज. आधी कार्ड पाकिटातून बाहेर काढा. मग बँकेला फोन करून बाकीचे हप्ते पाडून मागा. समजा वर्षाला १६ टक्क्यांनी दिले, तर १२ महिने ४२०० च्या आत हप्ता बसतो. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा. तुमच्या ६ हजारांत आरामात.

हुतात्मा_पासवाला: सरचार्जवरचा जीएसटी मात्र परत मिळत नाही हां.

शेंगाचटणी: मिळतो. मला मिळाला होता.

हुतात्मा_पासवाला: स्टेटमेंट दाखव.

जुळे_सोलापूरकर: हप्ते पाडण्यापेक्षा पर्सनल लोन स्वस्त पडतं, परत सांगतो.

पार्क_चौक: कार्ड कापून टाका आणि बंद करा. सगळी बाकी भरून अर्ज दिला की सात कामाच्या दिवसांत बंद करावंच लागतं, नाहीतर बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे.

विजापूर_रोड: आधी बाकी तर भरू दे त्याला.

टॉवेल_हिशेबनीस: सगळ्यांचे आभार. एक विचार आहे. कारखान्यातल्या २० जणांची लिलाव भिशी आहे, महिना ३ हजार; जो जास्त रक्कम सोडायची बोली लावतो, त्याला त्या महिन्याचे जमलेले पैसे मिळतात. सात हप्ते झालेत, मी अजून उचललेली नाही. आता बोली लावली तर ८-९ हजार सोडून ५१-५२ हजार हातात येतील.

निवृत्त_कॅशियर: अहो, बँकेच्या हप्त्यात सगळं मिळून खर्च साधारण ५ हजार. इथं तुम्ही ९ हजार सोडायला निघालात. अकाउंट्सला आहात ना?

पार्क_चौक: भिशीचं नाव काढू नका. आमच्या गल्लीतला भिशीवाला पैसे घेऊन रातोरात गायब झाला.

जुळे_सोलापूरकर: पर्सनल लोन.

टॉवेल_हिशेबनीस: भिशी उचलली. साडेआठ हजार सोडले, ५१,५०० मिळाले. दुपारीच बाकी शून्य केली. काका, तुमचा हिशेब बरोबर आहे, मीही कागदावर तोच मांडला होता. पण बँकेचे मेसेज मी आठ महिने न उघडता सरकवत आलो. भिशीवाले आमचे फोरमन आहेत. तीन तारखेला चहाच्या वेळी टेबलासमोर येऊन उभे राहतात, काही बोलत नाहीत. त्या माणसाचा हप्ता मी कधी चुकवला नाही. कार्ड बायकोच्या शिलाईच्या डब्यात टाकलंय, त्यामुळे घरात कळलंच.

निवृत्त_कॅशियर: पुढच्या स्टेटमेंटमध्ये थोडं व्याज तरी लागून येईल. मागच्या बिलापासून आज पैसे भरेपर्यंतचं. शून्य केलं म्हणून न उघडता ठेवू नका.

शेंगाचटणी: @हुतात्मा_पासवाला, स्टेटमेंट बघितलं. जीएसटी कापलाय. पण पेट्रोल ४०० च्या वर टाकलं होतं, म्हणून सरचार्ज तरी माफ झाला, हे ध्यानात घे.