पहिली फोर बाय फोर: काळ्या मातीत हलकीच गाडी चालते

धुऱ्यावरचा (दारव्हा, यवतमाळ)

घरात दोन वर्षांपासून हाच वाद चालू आहे, म्हणून इथे मांडतो. वावर, पांदण आणि सुटीच्या दिवशी डोंगरातले कच्चे रस्ते, एवढ्यासाठी पहिली फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद जाणारी गाडी) घ्यायची असेल तर आपल्या भागात मारुतीची जिमनी घ्यावी, महिंद्राची थार घेऊ नये, असं माझं ठाम मत झालंय.

कारण मागच्या श्रावणात डोळ्यांनी पाहिलं. मित्राची जड डिझेल गाडी, फोर बाय फोर टाकलेली, पांदणीने वावराकडे निघालो. पन्नास पावलांत टायरच्या नक्षीत चिखलाचा गारा गच्च भरला आणि टायर गुळगुळीत झाले. मडगार्ड आणि टायरच्या मधे बोट जाईना. आम्ही विळ्याच्या टोकाने गारा खरवडतोय आणि तेवढ्या वेळात गाडी आपल्याच वजनाने खाली बसतेय. शेवटी पोट टेकलं. पोट टेकल्यावर चारही चाकं फिरली तरी काही उपयोग नाही.

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, त्यामुळे वजन हाच पहिला हिशोब. जिमनी १,२०० किलोच्या आसपास आहे, थार त्याहून कितीतरी जड. जिमनीला शिडीसारखी चेसिस (गाडीचा सांगाडा) आहे, लो रेंज (सावकाश पण जोर देणारा जादा गिअर) आहे, जमिनीपासून उंची २१० मिमी आहे. थारची उंची २२६ मिमी. त्या १६ मिमीसाठी एवढं वजन अंगावर घ्यायचं का?

मेळघाटवाला (परतवाडा)

चिखलापुरतं तुमचं खरं आहे. पण विदर्भ म्हणजे नुसती काळी माती नाही. आमच्याकडे चिखलदऱ्याच्या पायथ्याला या, इथे दगडी नाले आहेत. नाल्यात गाडी तिरपी उतरली की पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी होतं. डिफरन्शियलचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरचा, स्वभावच असा की ज्या चाकाला पकड नाही तेच गरागरा फिरतं. मग फोर बाय फोर असूनही गाडी जागची हलत नाही.

अशा वेळी जिमनी फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवते. हे काम करतं, पण त्यासाठी चाक फिरत असताना अ‍ॅक्सिलरेटर धरून ठेवावा लागतो. नवा माणूस नेमका तिथेच घाबरून पाय काढतो. थारच्या काही प्रकारांत मागच्या अ‍ॅक्सलला मेकॅनिकल लॉक मिळतं, म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. सगळ्यांत नसतं, बुक करताना विचारून घ्या. फोर्सच्या गुरखा गाडीला तर पुढे-मागे दोन्हीकडे लॉक आहे. शिवाय थारच्या २.२ डिझेलचा टॉर्क (चाक फिरवायचा जोर) ३०० न्यूटन मीटर, तोही कमी फेऱ्यांवर. जिमनीचा १३४, आणि तो मिळवायला इंजिन ओरडवावं लागतं. दगडावर हळू चढायचं असतं, तिथे हा फरक पायाला लगेच कळतो.

एक मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवा. थार म्हटली की फोर बाय फोर असंच नसतं. २०२३ पासून १.५ डिझेलची जी थार आहे ती नुसती मागच्या चाकांवर चालते. बाहेरून सारखीच दिसते. स्वस्त मिळाली म्हणून तीच घेऊन आलेले लोक मी पाहिलेत.

पऱ्हाटी (आर्णीकडचा)

भाऊ, दोघांचंबी वाचलं. पण मले एक सांगा, पावसात पांदणीत गाडी घालाची गरजच काऊन पडली? आमी वाफसा आल्याबिगर, म्हंजे माती जराशी सुकल्याबिगर, वावरात डवरा घालत नाही, बंडी नेत नाही. तुमी टन-दीड टनाची गाडी घालता. ते फसते. मंग ट्रॅक्टर बोलावता. आन् मागं चाकोऱ्या राह्यते हातभर खोल. दिवाळीलोक त्या वाळून दगडावानी होते. कापसाची भरली बंडी त्यातून नेताना बैलाचे खांदे सुजते, हे कोनी पाह्यत नाही.

माह्या मतानं पयली गाडी साधी बोलेरो घ्या. मागच्या चाकावर चालते, पाटे (पट्ट्याईची स्प्रिंग) हायेत, गावातला मेकॅनिकबी खोलून देते. तिच्यावर दोन पावसाळे काढा. कुठं जाव आन् कुठून परत फिराव हे कळलं का मंग फोर बाय फोरचं पाहू.

जुनी जिप्सी (चंद्रपूर)

ताडोब्यात सफारीची जिप्सी पाहून पोरं माझ्याकडे येतात, "दादा, जुनी जिप्सी शोधून द्या" म्हणतात. मी देत नाही. १९८५ ला आलेली ही गाडी मला अतिशय प्रिय आहे, हलकेपणात आजही तिला तोड नाही, पण पहिली गाडी म्हणून नको. मी लिलावातली घेतली होती. वरून रंग चकाचक. आठ दिवसांनी उतारावर लो रेंजचा दांडा आपोआप न्यूट्रलला आला. त्या क्षणी इंजिनाचा ब्रेक गेला, फक्त पायाचा ब्रेक उरला. गाडी आवरली, पण हात तासभर थरथरत होते.

घ्यायचीच असेल तर खाली झोपून चेसिस हातोडीने ठोकून पाहा. आवाज बद्द आला की गंज आत गेलेला असतो. आणि १५ वर्षांनंतरची फेरनोंदणी झालीय का, ते आरसी हातात घेऊन तपासा.

इंद्रावतीकाठ (गडचिरोली)

पाण्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. थारला ६५० मिमी पाणी चालतं असं कंपनी सांगते. ते थांबलेल्या पाण्याचं समजा. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागड तुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर गेलं की हलकी गाडी आधी तरंगते आणि जड गाडी थोडी नंतर, एवढाच फरक. काठी घेऊन आधी पायी उतरा. पायी उतरायची हिंमत होत नसेल तर गाडी घालू नका.

धुऱ्यावरचा

पऱ्हाटीभाऊ, तुमचं मला लागलं. त्या दिवशीच्या चाकोऱ्या आमच्याच पांदणीत पडल्या होत्या आणि शेजारच्या काकांनी दिवाळीत त्यात मुरूम टाकला. आम्हाला एक शब्द बोलले नाहीत. यापुढे वाफसा आल्याशिवाय पांदणीत गाडी घालणार नाही, कुठलीही असो. पण बोलेरोचं मला पटत नाही. नाल्याचा चढ लो रेंजमध्ये पायी चालल्यासारखा सावकाश चढता येतो. मागच्या चाकांवरच्या गाडीला तिथे धाव घ्यावी लागते, आणि नवशिक्याने धाव घेतली की पहिल्या दगडाला तेलाचं चेंबर फुटतं.

मेळघाटवाले, लॉकचा मुद्दा मान्य. तरी कर्जाचा हप्ता वाढवून लॉक घेण्यापेक्षा मी ते पैसे ऑल टेरेन टायर, हवेचा पंप, गाडी ओढायचा चांगला पट्टा आणि दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या) यांवर घालीन. मऊ जागी हवा १८-२० पीएसआयवर आणली की टायर पसरतो, डांबरीवर आलो की परत भरायची. हे सगळं असूनही नाल्यात चाक अधांतरी झालं तर काय करायचं, ते मात्र मला अजून हाताने करून पाहायचंय.

मेळघाटवाला

मग करूनच पाहा. आमच्या गावाच्या खाली खाजगी रानातला नाला आहे, मालकाची परवानगी मी काढतो. राखीव जंगलात शिरायचं नाही, ते आधीच सांगून ठेवतो. मित्राची जिमनी मागून आणा, माझी लॉकवाली थार आहेच. एकाच खड्ड्यातून दोन्ही काढू, स्टिअरिंग तुमच्या हातात. पट्टा मात्र चेसिसच्या हुकलाच लावायचा, बंपरला नाही. पाऊस थांबून चार दिवस कोरडे गेले की फोन करतो.