शब्दचर्चा : तो 'उघडा', ती 'अर्धनग्न'

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. एका शब्दापाशी चार दिवस अडून बसले आहे, म्हणून हा धागा काढते.

नाशिकला आमचा बायकांचा एक लहानसा वाचनगट आहे. दर दोन महिन्यांनी आम्ही एक पुस्तिका काढतो. या खेपेला माझ्याकडे कॅनडातल्या ग्वेन जेकबची हकीगत आली आहे. तारीख १९ जुलै १९९१, ऑन्टारिओ प्रांतातलं ग्वेल्फ हे गाव, आणि अंगाची लाही करणारा उन्हाळा. पुरुष शर्ट काढून फिरत होते. या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीनंही शर्ट काढला आणि ती चालू लागली. पोलिसांनी धरलं, अश्लील कृत्याचा गुन्हा लावला, ७५ डॉलर दंड झाला. ती अपिलात गेली. ९ डिसेंबर १९९६ ला ऑन्टारिओच्या अपील न्यायालयानं तिला निर्दोष सोडलं. शर्ट न घालण्याचा पुरुषाला जेवढा हक्क तेवढाच बाईला, या मागणीसाठी तिकडे पुढे संस्था निघाल्या, मोर्चे निघाले. अमेरिकेत ऑगस्टच्या अखेरीस, स्त्री-समता दिनाच्या आसपास, त्याचा एक दिवसही पाळतात.

हकीगत सोपी आहे. अडलंय ते इंग्रजीतल्या 'टॉपलेस' या शब्दावर, म्हणजे कमरेच्या वर कापड नसलेली. पहिल्या खर्ड्यात मी सरळ 'अर्धनग्न अवस्थेत' असं लिहून टाकलं. वर्तमानपत्रात तसंच वाचत आलो आपण, हात आपोआप तिकडे जातो.

दुसऱ्या दिवशी एका नातलगांच्या दहाव्याला रामकुंडावर गेले. मुलं, पुतणे, गुरुजी, सगळे धोतरावर. ताटं मांडायची गडबड चाललेली. काकांनी वहिनींना सांगितलं, "ते उघडे बसलेत ना, त्यांच्या शेजारी ठेव." वहिनींनी ठेवलं. कोणाला काही वाटलं नाही, वाटण्यासारखं काही नव्हतंच. मी मात्र तिथेच थबकले. कमरेच्या वर कापड नसलेला माणूस मराठीत 'उघडा' असतो. एवढा साधा, एवढा रोजचा शब्द. मग ग्वेन जेकब माझ्या कागदावर 'अर्धनग्न' कशी झाली? तिच्या अंगावर त्या दिवशी रस्त्यातल्या पुरुषांपेक्षा एक चिंधीही कमी नव्हती.

घरी येऊन शब्द मांडून बसले. नागडा आणि नागवा हे दोन्ही 'नग्न'वरून आलेले. 'नागवणे' म्हणजे लुबाडणे, म्हणजे त्यात हिसकावून घेणं आहे. 'विवस्त्र'वर पोलीस पंचनाम्याचा शिक्का बसला आहे. 'अनावृत' पुतळ्यांना लागतो. 'उघडा'चं कूळ मात्र वेगळं. उघडणे हे संस्कृत 'उद्घाटन'च्या घरातलं. खिडकी उघडी, दुकान उघडं, आभाळ उघडलं. त्यात लाज नाही, चोरी नाही.

पण हाच शब्द बाईकडे वळला की बिघडतो. 'उघडी पडली' म्हणजे तिचं बिंग फुटलं. 'उघडंवाघडं' हा जोडशब्द तर मी लहानपणापासून दोनच गोष्टींबद्दल ऐकला, माशा बसलेल्या खाऊबद्दल आणि पाय नीट न घेता बसलेल्या मुलीबद्दल. माझ्या भावाला कोणी कधी 'उघडावाघडा बसू नकोस' म्हटलं नाही. मे महिन्यात तो गच्चीवर उघडाबंब झोपायचा आणि त्या 'बंब'मध्ये घरच्यांचं कौतुकच असायचं.

तर विचारायचं असं : 'टॉपलेस'ला मराठी शब्द कोणता घ्यावा? आणि 'उघडी' हा शब्द बाईसाठी धुऊन पुसून परत वापरता येईल का?

मुद्रितशोधक

ताई, 'अर्धनग्न' पुरुषाला लागतच नाही असं नाही. एका नाशिकच्या दैनिकात मी बरीच वर्षं मुद्रितं तपासली. 'शेतकऱ्यांचे अर्धनग्न आंदोलन' हा मथळा इतक्या वेळा हाताखालून गेला की जुळारी तो डोळे मिटून लावत असेल. कांद्याचा भाव पडला, पगार थकला, की माणसं शर्ट काढून कचेरीसमोर बसतात. पण तिथे 'अर्धनग्न'चा अर्थ काय होतो बघा. 'आमच्या अंगावर कपडासुद्धा उरला नाही.' तो अभावाचा शब्द आहे. गांधीजींनी २२ सप्टेंबर १९२१ ला मदुराईत पंचा नेसायचं ठरवलं तेही याच अर्थानं. चर्चिलनं १९३१ मध्ये त्यांना अर्धनग्न म्हणून हिणवलं, तर आपण ते विशेषण मानानं मिरवलं.

म्हणजे पुरुषाचं अर्धनग्न असणं वाचकाला त्याचं दुःख सांगतं. बाईचं अर्धनग्न असणं वाचकाला बाईकडे बघायला सांगतं. शब्द एकच, नजर फिरलेली. तुमच्या हकीगतीत ती तरुणी काही गमावल्याचं सांगत नाहीये, म्हणून हा शब्द तिथे दोन्ही अर्थांनी चुकीचा आहे. तो काढाच.

आणखी एक. तिकडच्या चळवळीतल्या बायकांनी 'टॉपलेस'सुद्धा टाकून दिला होता. त्यातल्या 'लेस'ला त्यांची हरकत होती, की काहीतरी कमी आहे असं त्यातून ध्वनित होतं. त्या 'टॉपफ्री' म्हणतात. आपल्याकडे हा फरक 'हीन' आणि 'मुक्त'चा. वस्त्रहीन, वस्त्रमुक्त. पण 'मुक्त' हल्ली सगळीकडे चिकटवतात, हागणदारीमुक्त, टँकरमुक्त, आणि तिथे 'मुक्त' म्हणजे नकोशी गोष्ट गेली असा अर्थ असतो. कापड काही नकोशी गोष्ट नाही.

पंचवटीकर

'स्तनमुक्त' असा शब्द मी एका भाषांतरात पाहिला. वाचून शस्त्रक्रियेची आठवण झाली. कृपया नको.

'दिगंबर' सुचवणार होतो. दिशा हेच ज्याचं वस्त्र, त्यात उणेपणा नाही. पण विचार केला तर तो शब्द आपण पुरुषांनाच देऊन बसलोय. मुलाचं नाव दिगंबर ठेवतात. मांगीतुंगीला १०८ फुटी ऋषभदेव दिगंबर उभे आहेत, आणि त्याच परंपरेतल्या आर्यिका पांढरी साडी नेसतात. 'दिगंबरी' म्हणून स्तोत्रात काली सापडते. शिवाय त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर जे नागा साधू येतात ते पूर्ण निर्वस्त्र, आणि ताईंना हवंय कमरेपर्यंतचं. तेव्हा तो बाद.

उमेदवारीतली वकील

कायद्याच्या भाषेतली दोन उदाहरणं देते, कारण हा सगळा खटला मुळात शब्दांच्या व्याख्येचाच आहे.

न्यूयॉर्क राज्याचा कायदा म्हणतो की सार्वजनिक जागी शरीराचे खासगी भाग उघडे टाकू नयेत. इथवर दोघांना सारखं. मग पुढे एक वाक्य जोडलंय, की 'स्त्रीच्या' बाबतीत खासगी भागात स्तनाग्राच्या वलयाच्या वरच्या कडेखालचा स्तनही धरावा. बस, त्या एका जोडवाक्यानं गुन्हा तयार झाला. १९८६ मध्ये रॉचेस्टरच्या बागेत काही बायकांनी मुद्दाम तसं बसून सहल केली आणि खटला ओढवून घेतला. १९९२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्यावरचा आरोप रद्द केला.

आपल्याकडचं उदाहरण केरळचं. रेहाना फातिमा यांनी कमरेवरच्या उघड्या अंगावर मुलाकडून रंगकाम करून घेतलं, त्याची चित्रफीत २०२० मध्ये टाकली आणि गुन्हा दाखल झाला. ५ जून २०२३ ला केरळ उच्च न्यायालयानं तो रद्द केला. निकालाचा गाभा हाच, की नग्नता आणि अश्लीलता हे समानार्थी शब्द नव्हेत. त्रिशूरच्या पुलीकळीत पुरुष उघड्या अंगावर वाघाचे पट्टे रंगवतात त्याला कोणी अश्लील म्हणत नाही, हेही न्यायमूर्तींनी लिहिलं आहे.

म्हणून गोदाकाठच्या ताई, तुम्ही 'अश्लील कृत्याचा गुन्हा' लिहिलंय ते ठेवा, ते आरोपाचं नाव आहे. पण तिच्या स्थितीचं वर्णन आरोपाच्या शब्दात करू नका. आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ मध्येही 'अश्लील' आहे, 'उघडे' नाही.

निफाडचा

चर्चा चांगली आहे, पण एक मनापासून विचारतो. आमच्या बायकोला बाळ घेऊन नाशिकला यायचं तर एसटी स्टँडवर बाळाला पाजायचा हिरकणी कक्ष उघडा आहे का हे आधी बघावं लागतं. रामकुंडावर आंघोळ केलेल्या बायका साडीचा आडोसा धरून कपडे बदलतात. आधी आडोसा मिळू दे की नीट. केरळात नाडर बायका अंगावर वरचं वस्त्र घ्यायचा हक्क मिळावा म्हणून कित्येक वर्षं मार खात लढल्या, १८५९ मध्ये त्रावणकोरच्या राजाला तो द्यावा लागला. झाकण्यासाठी लढलेल्या बायकांच्या देशात हे उघडण्याचं कशाला?

गोदाकाठची

दादा, तुमचं म्हणणं मी बाजूला टाकत नाही. वस्त्रांतरगृहात गर्दीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, साडीचा आडोसा मीही धरला आहे, कितीदा तरी.

पण नाडर बायकांचं उदाहरण तुम्ही दिलंत तेच मला पुस्तिकेत हवंय. त्यांना झाकू न देणारे आणि ग्वेनला झाकायला लावणारे, दोघंही एकच गोष्ट सांगत होते, की तुझ्या छातीवर कापड असावं की नाही हे आम्ही ठरवू. त्रावणकोरात ते जातीवरून ठरत होतं, ग्वेल्फमध्ये बाई असण्यावरून. झाकायचा हक्क आणि न झाकायचा हक्क एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. मला स्वतःला रस्त्यावर तसं फिरायचं नाही, आमच्या गटात कोणालाच नाही. पण तेवढ्यानं तिला 'अर्धनग्न' म्हणायचा अधिकार मला मिळत नाही.

आणि बाळाला पाजण्याबद्दल तुम्ही लिहिलंत म्हणून एक आठवलं. आमची आजी 'स्तनपान' कधी म्हणाली नाही. 'लेकराला अंगावर घे', 'अंगावरचं दूध', 'अजून अंगावर पितंय'. केवढा चांगला शब्द आहे हा! अवयवाचं नाव नाही, पण लपवाछपवीही नाही. आईचं अख्खं अंगच बाळाचं. सरकारी कागदावर ती 'स्तनदा माता' झाली आणि एका अवयवाएवढी उरली. 'छाती'चंही तसंच. पुरुष छाती काढून चालतो, छातीठोकपणे बोलतो. बाई 'छाती' म्हणते ती डॉक्टरांकडे, तीही आवाज खाली घेऊन.

सिन्नरची मावशी

माझं वय सत्त्याहत्तर. लहानपणी आमच्याकडे दगड फोडायला वडार बायका यायच्या. चोळी घालायच्या नाहीत, पदर घट्ट गुंडाळून घण मारायच्या. आमची आई त्यांना 'बिनचोळीच्या' म्हणायची. त्यात नावं ठेवणं नव्हतं, जशी बिनबाह्यांची बंडी तशी बिनचोळीची बाई. गोंदेश्वराच्या देवळावरच्या दगडी बायकाही बिनचोळीच्याच आहेत, नमस्कार करताना कोणी डोळे झाकून घेत नाही.

दुसरं असं की माझ्या सासूबाई 'उघड्या डोक्यानं कुठे निघालीस?' असं विचारायच्या. तो शब्द तेव्हा चाबकासारखा लागायचा. आता माझ्या नातीला त्याचा अर्थच कळत नाही, तिला वाटलं टोपी घालायला सांगत होत्या. तेव्हा पोरी, 'उघडी' वापर तू बिनदिक्कत.

मुद्रितशोधक

मावशी, 'बिनचोळीची' लिहून घेतला. पण ग्वेनला नाही लावता येणार, चोळीचा प्रश्नच नव्हता तिथे.

ताई, 'उघडी' एकटा नको. 'उघडी चालत गेली' वाचताना जीभ अडखळते, आणि 'उघडी पडली'ची सावली येते. 'उघड्या अंगानं' घ्या. 'आजोबा उघड्या अंगानं ओट्यावर बसले होते' हे वाक्य कोणाही मराठी माणसाला खटकत नाही. 'अंग' नपुंसकलिंगी, 'उघड्या' हे सामान्यरूप, म्हणजे बाई-पुरुष भेद व्याकरणातूनच गेला. चळवळीसाठीही यातूनच नाव तयार होतं, 'उघड्या अंगानं वावरण्याचा समान हक्क'. लांब आहे, पण कळतं.

उमेदवारीतली वकील

कायद्याचा संदर्भ येईल तिथे 'कमरेवरचं अंग उघडं' असं लिहा. 'उघडं अंग' एवढंच लिहिलं तर पूर्ण नग्न असा अर्थ काढणारे निघतात, आणि तो मुद्दा वेगळा आहे.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार. पहिला परिच्छेद आता असा झालाय, बघून सांगा :

'१९ जुलै १९९१. उन्हानं रस्ता तापला होता. पुरुष शर्ट काढून फिरत होते. ग्वेननंही कपडे काढले आणि उघड्या अंगानं ती त्यांच्याच रस्त्यानं चालू लागली.'

मुद्रितशोधक

तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यात पुन्हा तेच झालंय, ताई. त्यांनी 'शर्ट' काढला आणि तिनं 'कपडे'? तिनंही शर्टच काढला होता.

गोदाकाठची

हो. बदलते.